रेडिओ उद्गम-गणना कसोटी

आकाशातील रेडिओ उद्गम तीव्रतेनुसार मोजून प्रसरणशील विश्वाची प्रतिमाने पडताळण्याची सांख्यिकीय पद्धत.

उद्गम सर्वत्र सारखे विखुरलेले आणि अवकाश स्थिर, यूक्लिडीय मानले, तर अंतर दुप्पट झाल्यावर तीव्रता चौथाई होते आणि घनफळ आठपट. म्हणजे तीव्रतेची मर्यादा चौथाईवर आणली की संख्या आठपट भरावी. लॉगॅरिदमांच्या आलेखात संख्या व तीव्रता यांच्या रेषेचा उतार −१.५ येतो. विश्व प्रसरण पावत असेल तर ताम्रसृतीमुळे दूरचे उद्गम आणखी मंद होतात आणि संख्या आठपटीहून कमी वाढते. बाँडी, गोल्ड व हॉईल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतात (१९४८) विश्वाचे रूप काळानुसार बदलतच नाही, त्यामुळे −१.५ हून तीव्र उतार त्याला अडचणीचा ठरतो. इतके नेमके, खोडून काढता येण्याजोगे भाकीत करणे हे त्या सिद्धांताचे मोठेच बळ होते.

केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी १९५५ मध्ये १,९३६ उद्गमांच्या यादीवरून उतार सुमारे −३ असल्याचे मांडले. सिडनीच्या बर्नार्ड मिल्स यांच्या यादीशी ही यादी जुळेना. राईल यांच्या दुर्बिणीला जवळजवळचे मंद उद्गम वेगळे दिसत नव्हते. ते मिसळून एकच तेजस्वी उद्गम भासे. १९६१ मध्ये सुधारित गणनेतून उतार −१.८ आला, म्हणजे आठपटीऐवजी सुमारे बारापट. फ्रेड हॉईल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले, की दीर्घिकांचे वितरण मोठ्या प्रमाणावरही असमान असेल, तर स्थिर स्थितीच्या विश्वातही एखाद्या निरीक्षकाला असा उतार दिसू शकतो. निरीक्षकाला विश्वाचा एकच नमुना उपलब्ध असतो, हा त्यातला मुद्दा आजही मोलाचा आहे.

आकडेमोडीतही सापळे होते. ठरावीक तीव्रतेच्या वरचे सगळे उद्गम मोजत गेल्यास तेच तेजस्वी उद्गम प्रत्येक बिंदूत पुन्हा येतात. बिंदू परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि उताराची अनिश्चितता फसवी, लहान दिसते. म्हणून पुढे तीव्रतेच्या टप्प्यांनुसार वेगवेगळी गणना रूढ झाली. शिवाय मंद उद्गम संख्येने जास्त असल्याने मोजमापातील त्रुटींमुळे मर्यादेखालचे अधिक उद्गम वर ढकलले जातात आणि उतार नसलेला तीव्रपणा दाखवतो.

मार्टिन श्मिट यांनी १९६८ मध्ये वेगळी वाट काढली. क्वासार (ताऱ्यासारखा दिसणारा अतिदूरचा तेजस्वी उद्गम) जेथे आहे तेथपर्यंतचे घनफळ भागिले तो यादीत राहू शकेल अशा कमाल अंतरापर्यंतचे घनफळ, या गुणोत्तराची सरासरी समान वितरणात ०.५ यायला हवी. ती स्पष्टपणे जास्त आली: पूर्वी क्वासार अधिक संख्येने होते. उद्गमांची ही उत्क्रांती स्थिर स्थितीच्या विरोधात जाते. पण तिचा परिणाम इतका मोठा आहे, की केवळ गणनेवरून विश्वाची भूमिती ठरवता येत नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ५३० मीटर लांबीच्या दुर्बिणीने चंद्राआड जाणाऱ्या उद्गमांचे कोनीय आकार मोजले. त्यांवरून गोविंद स्वरूप व विजय कापाही यांनी १९७५ मध्ये मंद उद्गम सरासरीने लहान दिसतात हे दाखवले आणि उत्क्रांतीला गणनेपलीकडचा पुरावा मिळाला.