स्वररेषेची जाडी

मिस्सामध्ये गायल्या जाणाऱ्या संगीताचा इतिहास सांगताना आपण रचनाकारांचा गौरव करतो. ज्या चार-पाच आडव्या रेषांवर ते संगीत उभे असते, त्यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक स्वरचिन्ह रेषेवर बसले आहे की दोन रेषांमधल्या घरात, एवढ्यावरच त्याचा स्वर ठरतो. रेषा तुटली, फुगली वा पुसट झाली की गायकाचा डोळा अडखळतो आणि मागोमाग गळाही.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील आरेझो येथे गायकांना शिकविणारे बेनेडिक्टाईन मठवासी ग्विदो यांनी रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली. ‘फा’ची रेषा तांबडी, तर ‘उत्’ची, म्हणजे आजच्या ‘दो’ची, पिवळी. हाताने लिहिलेल्या पोथीत हे साधत असे. छापखान्याचा खरा प्रश्न पुढे उभा राहिला.

रोममध्ये उल्रिख हान या जर्मन मुद्रकाने १४७६ साली मिस्साग्रंथ छापला. त्यात आधी तांबड्या रेषा व नंतर काळी स्वरचिन्हे, असे एकाच कागदावर दोन छाप घेतले होते. त्या काळी छपाईपूर्वी कागद ओलावीत. ओला कागद ताणतो, सुकताना आकसतो. दुसरा छाप अर्ध्या घराने जरी सरकला तरी पानभर स्वर चुकावयाचे! व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची यांनी १५०१ मध्ये बहुस्वरी गीतांचा पहिला मोठा संग्रह अशाच अनेक छापांनी काढला. त्यांच्या रेषांचा सलगपणा आजही थक्क करतो; परंतु त्यासाठी वेळ व पैसा दोन्ही फार लागे.

स्वस्ताईचा मार्ग पॅरिसच्या पिएर अतेन्यां यांनी १५२८ च्या सुमारास रूढ केला. त्यांच्या प्रत्येक खिळ्यावर स्वरचिन्हासोबतच पाच रेषांचा एक लहानसा तुकडा कोरलेला असे. खिळे शेजारी शेजारी जुळविले की रेषा आपोआप तयार, आणि छाप एकच. मात्र दोन खिळ्यांमध्ये बारीक फट राही आणि रेषा टाके घातल्यासारखी दिसे. खिळे झिजले की कुठे रेषा जाड होई, कुठे तिचे टोकच उमटत नसे. सौंदर्यदृष्टीने ही घसरणच होती, असे आम्हांस वाटते. तथापि पालेस्त्रिना प्रभृतींच्या मिस्सारचना युरोपभर पोहोचल्या त्या बहुतांशी याच तुटक रेषांवरून, हेही विसरता येत नाही.

सलग रेषा पुन्हा मिळाली ती धातूच्या पत्र्यावरील कोरीवकामातून. रोममध्ये सिमोने व्हेरोव्हिओ यांनी १५८६ साली भक्तिगीतांचा संग्रह तांब्याच्या पत्र्यावरून छापला. येथे शाई खाचेत भरते. म्हणून खाच जेवढी रुंद व खोल, तेवढी रेषा ठसठशीत. पुढे पाच दातांच्या हत्याराने पाचही रेषा एकाच ओढीत आखल्या जाऊ लागल्या.

ग्रेगोरियन गायनाच्या पुनरुज्जीवनात तर हा प्रश्न अधिकच नाजूक झाला. फ्रान्समधील सोलेम मठाचे डॉम जोसेफ पोथिए यांचा गायनग्रंथ १८८३ साली बेल्जियममधील टूर्ने येथे डेक्ले यांच्या मुद्रणालयात छापला गेला. पुढे डॉम आन्द्रे मोकरो यांनी सोलेमच्या आवृत्त्यांत लयीची सूक्ष्म चिन्हे घातली. स्वरावरची आडवी बारीक रेघ म्हणजे तो स्वर किंचित लांबवा. ‘क्विलिस्मा’ या चिन्हाला करवतीसारखे दाते असतात; शाई जास्त झाली की दाते बुजतात आणि ते साध्या स्वरासारखे दिसू लागते.

१९८४-८५ च्या सुमारास लेझर प्रिंटर कार्यालयांत आले आणि जुनीच अडचण नव्या वेषात परतली. त्या यंत्रांत एका इंचात ३०० ठिपके असत. म्हणजे एका ठिपक्याची रुंदी सुमारे ०.०८५ मिलिमीटर. रेषा ०.१३ मिलिमीटरची हवी असेल तर ती होते दीड ठिपक्याची, आणि अर्धा ठिपका यंत्राला उमटविता येत नाही. परिणामी पाचांपैकी एखादी रेषा एका ठिपक्याची, तर शेजारची दोन ठिपक्यांची. म्हणजे सरळ दुप्पट जाड. असे पान वाचताना जाड रेषाच आधी डोळ्यांत भरते व नजर तिच्याकडे ओढली जाते. इंचाला १२०० ठिपके असले की तीच रेषा सुमारे सहा ठिपक्यांची होते. एखादा ठिपका कमीअधिक झाला तरी डोळ्याला कळत नाही. ‘पोस्टस्क्रिप्ट’ या छपाईच्या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत रेषांची जाडी एकसारखी राखण्याची सोय करण्यात आली, ती याच कारणास्तव.

धर्मग्रामाच्या गायकवृंदात मात्र मूळ छापील पान क्वचितच हाती येते. प्रतीवरून प्रत आणि तिच्यावरून आणखी एक, असे करताना काळे स्वरचिन्ह टिकून राहते, परंतु बारीक रेषा आधी विरळ होते व मग दिसेनाशी होते. सोलेमची ती आडवी रेघ तर पहिल्या दोन-तीन प्रतींतच लोपते. आणि जो स्वर लांबवावयाचा, तो गायकवृंद घाईने उरकून पुढे जातो.