नरवाघाची हद्द आणि रिकामे झालेले पन्ना

१/ २००९ साली मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्र प्रकल्पात सारे काही होते. केन नदी होती, सागाचे रान होते, सांबर-चितळ होते. वाघ मात्र एकही उरला नव्हता. पुढे तेथे जे घडले ते समजण्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते : नरवाघाची हद्द म्हणजे काय, आणि ती कशी मोडते. आजचा #थ्रेड त्याविषयी.

२/ मराठी वाचकाला पन्ना परके नाही. ही छत्रसाल बुंदेल्याची राजधानी. १७२९ साली जैतपूरजवळ मुहम्मदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसालाने पहिल्या बाजीरावास हाक दिली आणि मराठी फौज बुंदेलखंडात धावून गेली. त्या उपकाराच्या बदल्यात पेशव्यांना छत्रसालाच्या राज्याचा वाटा मिळाला. मस्तानीचे नावही याच प्रदेशाशी जोडलेले आहे.

३/ आजच्या व्याघ्र प्रकल्पातील बरेचसे रान हे पन्ना, छत्तरपूर व बिजावर या संस्थानांचे राखीव शिकारक्षेत्र होते. संस्थाने विलीन झाली, शिकारी थांबल्या. १९८१ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्पात आले. राजांची हद्द कागदावरून पुसली गेली. वाघांची हद्द मात्र जमिनीवर कायम होती.

४/ ही हद्द कशी आखली जाते? आधी वाघिणींकडे पाहावे. पाणी, दाट आडोसा आणि भरपूर सावज जेथे असेल तेथे वाघीण आपले क्षेत्र धरते, कारण तिला पिल्ले वाढवायची असतात. नराचे गणित निराळे. तो एकाहून अधिक वाघिणींची क्षेत्रे आपल्या एका मोठ्या हद्दीत सामावून घेतो आणि दुसऱ्या प्रौढ नराला तेथे टिकू देत नाही.

५/ हे ज्ञान आपल्याला फार उशिरा मिळाले. शिकारीच्या काळात वाघाविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातील बरेचसे बंदुकीच्या नळीमागून पाहिलेले. १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने रानवाटेवर तारेचा सापळा लावून वाघांची छायाचित्रे वाघांकडूनच काढवून घेतली. बंदुकीऐवजी कॅमेरा घेण्याची ही सुरुवात होती.

६/ १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर यांनी कान्हाच्या रानात राहून वाघांचा अभ्यास केला. चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून ते एकेक वाघ ओळखत. वाघ पूर्णपणे एकलकोंडा नसतो, एकमेकांना ओळखणाऱ्यांचा त्याचा एक विरळ समाज असतो, हे त्यांच्या निरीक्षणातून दिसले.

७/ खरा उलगडा झाला तो नेपाळच्या चितवनमध्ये. १९७३ साली तेथे वाघांना रेडिओ कॉलर लावून दीर्घकाळ अभ्यास सुरू झाला. एका नराच्या हद्दीत दोनपासून सातपर्यंत वाघिणी असू शकतात, हे नकाशावर रेघ ओढून दाखवता आले. त्याच सुमारास, १ एप्रिल १९७३ रोजी, भारतात नऊ राखीव क्षेत्रांसह व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपले मेळघाट त्या नवांपैकी एक.

८/ वाघाच्या राज्याला तटबंदी नसते. झाडाच्या बुंध्यावर मागे वळून सोडलेली मूत्राची चिळकांडी, खोडावरचे ओरखडे, वाटेवर खरवडलेली माती आणि रात्रीची डरकाळी, एवढ्यावर सीमा राखली जाते. वास जुना होतो, म्हणून फेरी पुन्हा पुन्हा मारावी लागते. काही आठवडे फेरी चुकली की शेजारी आत सरकतो.

९/ या खुणांचा हेतू भांडण टाळणे हाच असतो. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याचा पंजा निकामी झाला किंवा सुळा तुटला तर उपासमार ठरलेली. त्यामुळे बहुतेक वाद वास, आवाज आणि अंगकाठी यांवरच मिटतात. खरी झुंज लागते ती दोघेही तुल्यबळ असतात तेव्हा, किंवा तरुण नराला दुसरी जागाच उरलेली नसते तेव्हा.

१०/ झुंजीनंतर काय होते, ते अधिक महत्त्वाचे. नवा नर हद्द जिंकतो तेव्हा आधीच्या नराची लहान पिल्ले तो बहुधा मारतो. पिल्ले गेली की वाघीण लवकर पुन्हा माजावर येते आणि पुढची पिल्ले नव्या नराची होतात. याला क्रौर्य म्हणणे सोपे आहे, पण त्यामागे काळाचा हिशेब आहे.

११/ तो हिशेब असा. चितवनच्या अभ्यासात नराचा प्रजननाचा काळ सरासरी तीन वर्षांहूनही कमी भरला, तर वाघिणीचा सुमारे सहा वर्षे. पिल्ले आईपाशी दीड-दोन वर्षे राहतात. म्हणजे एका नराच्या वाट्याला स्वतःची पिल्ले मोठी होईपर्यंत टिकून राहण्याची संधी फार थोडी येते.

१२/ यातून एक कठोर निष्कर्ष निघतो. स्थिरावलेला नर शिकाऱ्याच्या फासात किंवा विजेच्या तारेत मेला तर नोंद होते एका मृत्यूची. पण त्याच्या हद्दीतील चार-पाच वाघिणींची पिल्ले त्याच दिवशी निराधार होतात. रिकाम्या जागेसाठी एकामागून एक नर येत राहिले तर कित्येक वर्षे त्या रानात एकही पिल्लू मोठे होत नाही.

१३/ आता पुन्हा पन्नाकडे. १९९६ पासून रघू चुंडावत यांनी येथे वाघांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास केला. कोरड्या, पानगळीच्या रानातील वाघाला किती मोठे क्षेत्र लागते हे त्यातून कळले. वाघ उद्यानाची सीमा ओलांडून बाहेर जात होते. कागदावरची रेघ वाघाला ठाऊक नव्हती, फास लावणाऱ्यांना मात्र ती चांगली ठाऊक होती.

१४/ २००५च्या आरंभी राजस्थानातील सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि देश हादरला. केंद्राने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. पन्नाविषयीही इशारे दिले जात होते, पण वाघ पुरेसे आहेत असेच उत्तर मिळत राहिले. २००८ अखेरच्या पाहणीत पन्नात एकच नर उरल्याचे दिसले. पुढे तोही दिसेनासा झाला.

१५/ मार्च २००९ मध्ये दोन वाघिणी आणल्या गेल्या. बांधवगडची टी-१ आणि कान्हाची टी-२. टी-२ तर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून आली. वाघिणी आल्या, पण नर नव्हता. नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक तरुण नर आणण्यात आला. त्याचे नाव टी-३. येथून या इतिहासाला खरे वळण लागते.

१६/ टी-३पुढे रिकामे राज्य होते. प्रतिस्पर्धी नाही, सावज मुबलक, दोन वाघिणी. तरीही मोकळे सोडल्यावर काही दिवसांतच तो निघाला, आणि निघाला तो दक्षिणेकडे, म्हणजे पेंचच्या दिशेने. छत्तरपूर, सागर, दमोह अशा जिल्ह्यांतून, शेतांतून आणि वस्त्यांच्या कडेने तो रात्री चालत राहिला.

१७/ तत्कालीन क्षेत्रसंचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांच्या पथकाने त्याचा माग सोडला नाही. हत्ती, माहूत, वनरक्षक आणि कॉलरचा संकेत ऐकणारी उपकरणे असा लवाजमा जवळपास महिनाभर त्याच्या मागे होता. अखेर २५ डिसेंबर २००९ रोजी दमोहच्या रानात त्याला भुलीचे इंजेक्शन देऊन पकडले आणि दुसऱ्या दिवशी पन्नात परत सोडले.

१८/ आता तो पुन्हा जाऊ नये म्हणून काय करावे? कुंपण घालणे शक्य नव्हते. पथकाने वाघाचीच भाषा वापरली. भोपाळच्या वनविहारातून वाघिणीचे मूत्र आणून ते रानात ठिकठिकाणी शिंपडले. येथे वाघीण आहे, हा निरोप टी-३ला मिळाला. तो थांबला आणि लवकरच त्याची व टी-१ची गाठ पडली.

१९/ येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या रानात दुसऱ्या नरवाघाची एकही ताजी खूण नव्हती. ज्या राज्यात शेजारी नाही, वाघिणीचा वास नाही, ते वाघाच्या लेखी राज्यच नव्हते. प्रतिस्पर्ध्यांचे भय वाघाला पळवते हे आपण जाणतो. सर्वस्वी रिकामेपणाही त्याला पळवू शकतो, हे पन्नाने दाखवले.

२०/ एप्रिल २०१०मध्ये टी-१ने पिल्लांना जन्म दिला. पन्नाची नवी वंशावळ येथून सुरू होते. टी-३ तिचा मूळपुरुष. पण जुना नियम त्यालाही चुकला नाही. नव्या पिढीतील नर वाढले तसा तो हळूहळू कडेला सारला गेला. पन्नातील वाघांची संख्या पुढे पन्नासच्या पार गेली.

२१/ याच पन्नात २०२१ साली आणखी एक नवल घडले. एक वाघीण चार पिल्ले मागे ठेवून मेली. त्यांचा बाप, पी-२४३ हा नर, पिल्लांच्या आसपास वावरू लागला आणि त्यांना आपल्या शिकारीवर खाऊ देऊ लागला. २०११मध्ये रणथंभोरच्या टी-२५ या नरानेही आपली पोरकी पिल्ले अशीच सांभाळली होती. परक्याची पिल्ले मारणारा आणि स्वतःची राखणारा नर एकच. दोन्हींच्या मुळाशी हद्दच आहे.

२२/ महाराष्ट्रातही हाच इतिहास लिहिला जात आहे. ताडोबातील वाघडोह हा एके काळचा अतिबलाढ्य नर. वय झाल्यावर तरुण नरांनी त्याला रानाच्या कडेला ढकलले आणि मे २०२२मध्ये चंद्रपूरजवळ, गाभ्याच्या बाहेर, त्याचा अंत झाला. वन्य नराला वार्धक्याने मरण येणे हे फारच दुर्मीळ भाग्य.

२३/ जयला ते लाभले नाही. २०१३मध्ये नागझिऱ्याहून निघून तो उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला आणि तेथला सत्ताधीश झाला. एप्रिल २०१६मध्ये कॉलरसह बेपत्ता झाला, तो पुन्हा दिसला नाही. त्याचा वंशज मानला गेलेला श्रीनिवास २०१७मध्ये नागभीडच्या बाजूला शेतकुंपणातील विजेच्या तारेने मेला. बारावा मुद्दा येथे पुन्हा वाचावा.

२४/ आणि ज्याला हद्दच मिळत नाही त्याचे काय? टिपेश्वरचा एक तरुण नर २०१९मध्ये जागा शोधत निघाला. विदर्भ, तेलंगण, मराठवाडा असे फिरत हजारांहून अधिक किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथे सावज होते, प्रतिस्पर्धी नव्हता. पण वाघीणही नव्हती. टी-३ची गोष्ट आठवावी.

२५/ देशातील वाघांचा अंदाज २००६मध्ये १,४११ होता. २०२२च्या गणनेत तो ३,६८२ वर गेला, त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात. संख्या वाढली ही अभिमानाची बाब. पण जंगल त्या प्रमाणात वाढले नाही. तरुण नरांना जाण्याच्या वाटा महामार्ग, कालवे, खाणी यांनी तुटत आहेत. वाट तुटली की झुंज वाढते, किंवा वाघ गावाशी येतो.

२६/ पन्नाची गोष्टही संपलेली नाही. केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली. टी-३ला दमोहच्या रानात पकडले त्याला त्या दिवशी बरोबर १५ वर्षे झाली होती. दौधन धरणासाठी व्याघ्र प्रकल्पातील ४,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र लागणार आहे. बुंदेलखंडाची तहान खरी आहे आणि केनकाठच्या वाघिणींची क्षेत्रेही खरी आहेत. या दोहोंचा मेळ कसा घातला जातो, ते पुढचा इतिहासकार लिहील.

२७/ आपण इतिहासाचे वाचक असल्याने राजा, गादी, वारस हे शब्द सहज वापरतो. वाघाला ते लागू पडतात तेवढे पडतात. त्याला खजिना नाही, वारसाहक्क नाही, स्वतःच्या मुलाकडूनही अभय नाही. त्याचे राज्य म्हणजे काही वर्षांची शांतता, जिच्यात पिल्ले मोठी होतात. वाघ वाचवणे म्हणजे ती शांतता आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाणारी वाट, दोन्ही राखणे. पन्नाने ही किंमत मोजून शिकवलेला धडा आहे.

थ्रेड येथे संपला. शंका असल्यास अवश्य विचाराव्यात. #इतिहास #वाघ #पन्ना