लोमशातनाच्या लेपांतील ‘शंखचूर्ण’

वैद्यकाच्या जुन्या बाडांत ज्वर, अतिसार, नेत्ररोग यांचे योग संपल्यावर कोठें तरी केस काढण्याचा लेप लिहिलेला आढळला, म्हणजे संग्राहक बहुधा तें पान कामशास्त्राच्या सदरांत टाकून पुढें जातो. नांदेड व लातूर या बाजूचे रुमाल सोडून पाहणारांस आमची विनंति अशी कीं, तें पान टाकून देऊं नये, आणि त्यांतील योग करूनही पाहूं नये. दोन्ही गोष्टींचें कारण ‘शंखचूर्ण’ या एका शब्दाच्या अर्थांत आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायांत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत लोमापहरण हा एक होय. केसांमुळें व्रण नीट भरून येत नसेल तर ते वस्तरा, कात्री किंवा चिमटा यांनीं काढावे, अथवा लेप लावावा. लेपाचें प्रमाण असें : शंखचूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, दोन्ही शुक्तांत वाटावीं. तेव्हां हा योग मूळचा शस्त्रवैद्याचा आहे, विलासी पुरुषाचा नव्हे. पुढें तो शार्ङ्गधरसंहितेच्या उत्तरखंडांतील लेपांत आला आणि कल्याणमल्लाच्या अनंगरंगांतही लोमशातनास जागा मिळाली. बाडाच्या लेखकानें तो कोठून घेतला हें आजूबाजूच्या पानांवरून ताडावें. एकट्या श्लोकावरून बाडाचा विषय ठरवूं नये.

आतां शब्दाकडे वळूं. शंखचूर्ण म्हणजे शंखाची पूड, असा सरळ अर्थ करण्याकडे वाचकाचा कल असतो. आमच्या मतें तो येथें चालत नाहीं. कच्चा शंख कुटला तर हातीं येते ती खडूच्याच जातीची पूड. ती हरताळांत दिवसभर खलली तरी तिनें एक केसही गळणार नाहीं. शंख भाजला म्हणजे मात्र त्याचा चुना होतो. हरताळ हें सोमल व गंधक यांचें संयुग. ओल्या चुन्याच्या संगतींत त्यांतील गंधक चुन्याशीं जोडलें जातें, आणि हें नवें द्रव्य केसाच्या घटनेंतील गंधकाचे बंध तोडतें. केस लिबलिबीत होऊन पुसून निघतो तो यामुळें. सुश्रुतानेंच सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत, क्षारपाकविधींत, शंखनाभि अग्निवर्ण होईपर्यंत तापविण्यास सांगितलें आहे. म्हणजे शंखाचा चुना त्यास नवा नव्हता. शिवाय मराठी ‘चुना’ हा शब्द चूर्ण याचेंच तद्भव रूप आहे. शुक्त आंबट, तें चुन्याचा जोर मारील, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. परंतु चुना दुप्पट असल्यामुळें शुक्त बेताचें घातल्यास जोर शिल्लक राहतो. त्याच स्थळीं दुसरा योग केळीची राख, हरताळ व मीठ यांचा आहे, तेथें तर क्षार उघडच दिसतो.

या प्रांतीं असा योग संस्कृतांतूनच उतरला असेल असें मात्र धरून चालूं नये. कंधार, औसा व उदगीर हीं ठाणीं बरीदशाहीच्या आरंभीं कासीम बरीदाच्या जहागिरींत होतीं. उदगीर तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांतच मोडत असे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालचा. बीदरच्या किल्ल्यांत शाही हमाम आहे, तेथें पुढें वस्तुसंग्रहालय झालें. इस्लामी देशांत हमामाबरोबर ‘नूरा’ चालत असे, आणि नूरा म्हणजे चुना व झर्नीख. झर्नीख हा आपला हरताळच. त्याचा आरंभ सुलेमान व सबाची राणी यांच्या कथेशीं जोडतात, ती कथा आहे तशी ठेवूं. निजामाच्या अमलांत १९४८ पर्यंत येथें वैद्य व हकीम शेजारीं शेजारीं नांदले. म्हणून बाडांत ‘कळीचा चुना’ असा उघड शब्द असेल, तर मूळ हकिमाच्या वहींतही शोधावें. (ज्या नांदेडांत १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग निवर्तले व जेथें त्यांचे अनुयायी केस कधींच काढीत नाहींत, त्याच नगराच्या आसपास हा शोध करावयाचा आहे, ही एक मौज.)

हरताळाशीं संग्राहकाची ओळख दुसऱ्या वाटेनें असते. पोथींत चुकलेल्या अक्षरावर लेखक पिवळा हरताळ लावीत, त्यावरूनच ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार रूढ झाला. कोरडा हरताळ पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. चुन्याशीं ओला झाला कीं तो विरघळतो, आणि चुन्यानें सोललेल्या कातडींतून सोमल अंगांत शिरण्यास वाट मिळते. रसग्रंथांत कोहळ्याच्या रसांत किंवा चुन्याच्या पाण्यांत हरताळ शिजवून शुद्ध करण्याची रीति आहे. तिनें हरताळांतील सोमल नाहींसा होत नाहीं. ‘आम्ही शोधित हरताळ वापरूं’ ही सबब म्हणून निरुपयोगी. पिवळे डाग असलेलीं पानें उलटतांना बोट जिभेला लावण्याची खोडही सोडावी.

आजच्या केस काढण्याच्या मलमांत हरताळ नसतो. त्याच्या जागीं बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार असतात. परंतु केसांतील गंधकाचे बंध तोडण्याची युक्ति तीच, आणि मलम चुन्यासारखेंच तीव्र क्षारधर्मी. कातडीही केसाच्याच जातीच्या द्रव्याची असल्यानें वेळ टळली कीं तीही भाजते. म्हणून आधीं थोड्या जागीं लावून एक दिवस वाट पाहावी. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षां अधिक ठेवूं नये. हातापायांचें मलम चेहऱ्यास लावूं नये, चेहऱ्यासाठीं म्हणून केलेलेंच घ्यावें, आणि तेंही डोळे व भुवया यांपासून दूर ठेवावें. सुश्रुताचा लेप व्रणाच्या जागेसाठीं होता. हें मलम जखमेवर, पुरळावर किंवा नुकत्याच वस्तरा फिरविलेल्या जागीं लावणें वर्ज्य. चुरचुरूं लागल्यास तत्काळ पुष्कळ पाण्यानें धुवावें.

अशा पानांच्या नकला पाठविणारांनीं एवढें करावें : चूर्ण, चुना, भस्म यांपैकीं जो शब्द असेल तो तसाच उतरावा, सुधारून लिहूं नये, आणि लेप किती वेळ ठेवावा व धुतल्यावर काय चोळावें असें पुढें कांहीं वाक्य असल्यास तें गाळूं नये. योग कोणी खरोखर वापरीत होता कीं नुसता उतरून ठेविला होता, हें त्याच वाक्यावरून कळण्याचा संभव आहे.