न गायलेली ओळ: ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’वर भाष्य

ब्रूस स्प्रिंगस्टीनचं हे गाणं 1984च्या जूनमध्ये त्याच नावाच्या अल्बमचं पहिलं गाणं म्हणून आलं आणि सप्टेंबरात त्याच्या अर्थावरून राजकारण सुरू झालं. जॉर्ज विल या उजव्या विचारांच्या स्तंभलेखकाने मैफल ऐकून लिहिलं, की कडव्यांत बंद कारखाने असतील, पण धृपद म्हणजे देशाचा आनंदी जयघोषच आहे. आठवडाभरात, 19 सप्टेंबरला, न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या प्रचारसभेत अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा दाखला दिला. (रेगन यांनी या गाण्याचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं होतं असं आजही बिनदिक्कत छापलं जातं.) दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर स्प्रिंगस्टीनने, अध्यक्षांना आपला नेमका कोणता अल्बम आवडत असेल, अशी खोचक शंका काढली आणि कारखाना बंद पडल्यावर खुनापर्यंत गेलेल्या कामगाराचं ‘जॉनी 99’ म्हटलं.

तेव्हापासून जाणकारांचं मत ठरून गेलंय: कडव्यांत दुःख, धृपदात उपरोध, आणि ज्यांना उपरोध कळला नाही ते अडाणी. मला हे मत सोयीचं वाटतं, खरं वाटत नाही. ओळीमागून ओळ लावत गेलं तर धृपदात उपरोध कुठे हाती लागत नाही. हाती लागते ती वेगळीच गोष्ट: जिथे जिथे कुणीतरी उत्तर द्यायला हवं, तिथे तिथे हे गाणं शब्द अर्धे सोडतं.

आधी रचना पाहू. पाच कडवी आहेत. सगळ्या गाण्याला दोन कॉर्डचा पाया. रॉय बिटनने सिंथेसायझरवर वाजवलेला एक छोटा तुकडा सुरुवातीपासून अखेरपर्यंत फिरत राहतो आणि मॅक्स वाइनबर्गचा ड्रम बंदुकीच्या बारासारखा वाजतो. कडव्याला वेगळी करुण चाल दिलेली नाही. दुःख सांगतानाही गायक ओरडूनच सांगतो, त्यामुळे ज्याला इंग्रजी नीट कळत नाही किंवा ज्याचं शब्दांकडे लक्ष नाही, त्याला सगळं गाणं एकच घोषणा वाटतं. दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारण्याआधी एवढं मान्य करायला हवं.

कडवं पहिलं, ओळी 1–2. निवेदक जन्मापासून सुरुवात करतो. गाव मेल्यात जमा आहे आणि भुईला टेकताक्षणी पहिली लाथ बसली आहे. इथला ‘मी’ कवीचा नव्हे. हा ‘मी’ पुढे व्हिएतनामच्या युद्धात जातो, स्प्रिंगस्टीन गेला नाही. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार बसला होता, सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला. त्याच्या सुरुवातीच्या बँडचा, कॅस्टाइल्सचा, ड्रमर बार्ट हेन्स मात्र गेला आणि 1967 मध्ये तिकडेच मारला गेला. या ‘मी’मागे कोण उभं आहे, ते यावरून समजावं.

ओळी 3–4. सतत मार खाल्लेल्या कुत्र्याची उपमा आणि अर्धं आयुष्य अंग चोरण्यात जाणं. इथे पुरुष बदलतो. दोन ओळी स्वतःबद्दल बोललेला माणूस एकाएकी ‘तुमचं असं होतं’ या सुरात येतो. स्वतःची फजिती सांगताना माणसं असंच सामान्य विधान करून मोकळी होतात. कडव्यातला हा एकच संकोच, आणि तो मला फार खरा वाटतो.

धृपद. शीर्षकाचं वाक्य पुन्हा पुन्हा. कडव्याच्या पहिल्याच शब्दाने जो जन्म सांगितला तोच इथे पुन्हा सांगितला जातो, फक्त गावाच्या जागी देश येतो. अन्वय सरळ आहे: ज्या गावात जन्मलो ते या देशात आहे. यात कौतुक नाही आणि टिंगलही नाही. रेशनच्या रांगेत हुज्जत घालणारा माणूस ‘मी इथलाच आहे’ म्हणतो, त्या जातीचं हे वाक्य आहे. त्याला अभिमान म्हणा, तक्रार म्हणा, पण त्याच्या पोटात मागणी आहे.

कडवं दुसरं. चारही ओळी झपाट्याने जातात: गावात काहीतरी किरकोळ भानगड, मग हातात रायफल, मग परका मुलुख, मग तिथल्या माणसाला ठार करण्याचं काम. भानगड काय होती ते सांगितलेलं नाही आणि ते बरोबरच आहे. बारीकसारीक गुन्ह्यात सापडलेल्या पोराला तुरुंग की सैन्य असा पर्याय मिळाल्याच्या हकिकती त्या पिढीत पुष्कळ ऐकायला मिळतात. कॉलेजात असलेल्यांना सक्तीच्या भरतीतून सवलत मिळे. मेल्यात जमा झालेल्या गावातल्या पोराजवळ ती पळवाट नव्हती. व्याकरणही हेच सांगतं. रायफल देणारे, पाठवणारे ‘ते’ आहेत. निवेदक कशाचाच कर्ता नाही.

चौथ्या ओळीत शत्रूचा उल्लेख कातडीच्या रंगावरून येतो. हा शब्द गलिच्छ आहे आणि निवेदक तो जसाच्या तसा उच्चारतो. कवीने तो अवतरणात टाकलेला नाही, माफीही मागितलेली नाही. छावणीत जी भाषा शिकवली गेली ती तोंडात राहिली, इतकंच. याला उत्तर चौथ्या कडव्यात आहे, तिकडे येतोच.

धृपद दुसऱ्यांदा येतं. पहिल्या वेळी त्याच्यामागे लाथ होती, आता रायफल आहे.

कडवं तिसरं, ओळी 1–2. माणूस परत येतो तो रिफायनरीत काम मागायला. भरती करणारा साहेब वडीलकीच्या सुरात, माझ्या हातात असतं तर, एवढंच म्हणतो. वाक्य तिथेच तुटतं. त्याच्या हातात असतं तर त्याने काय केलं असतं, हे कळत नाही. नाही हा शब्दही त्याने उच्चारलेला नाही.

ओळी 3–4. मग माजी सैनिकांच्या खात्यातला माणूस, म्हणजे वेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशनचा कारकून. तोही त्याच वडीलकीने, तुला कळत कसं नाही, असं विचारतो आणि थांबतो. काय कळायला हवं? ते ऐकू येत नाही. एका कडव्यात दोन अर्धी वाक्यं. सरकारी आणि खाजगी, दोन्ही दारं आवाज न करता बंद झाली.

यापुढची गोष्ट छापील शब्द वाचताना सुटते, ऐकताना सुटू नये. इथे धृपद येत नाही. पहिल्या दोन कडव्यांनंतर आलेलं धृपद तिसऱ्यानंतर नाही, चौथ्यानंतरही नाही. देशाचं नाव गर्जून सांगण्याचा हक्क सर्वांत जास्त ज्या क्षणी असायला हवा, म्हणजे लढून घरी आल्यावर, नेमकं तेव्हा ते नाव गाण्यातून गायब होतं. धृपद केवळ जयघोष असतं तर परतण्याचा क्षण त्याने सोडला नसता. उलट ते निव्वळ उपरोध असतं, तर टोमणा मारायला याहून चांगली जागा नव्हती.

कडवं चौथं, ओळी 1–3. व्हिएतनाममधल्या खे सान इथे एक भाऊ होता. सख्खा की पलटणीतला? गाणं सांगत नाही. दोन्ही अर्थ राहू द्यावेत. खे सानचा अमेरिकी मरीन तळ 21 जानेवारी 1968 पासून 77 दिवस वेढ्यात होता. ओळीत शत्रू म्हणून व्हिएतकाँगचं, म्हणजे दक्षिणेतल्या गनिमांचं, नाव येतं. इतिहासकार इथे चूक काढतात, कारण वेढा घालणारं सैन्य मुख्यतः उत्तर व्हिएतनामचं नियमित लष्कर होतं. चूक खरीच. पण निवेदक लष्करी इतिहास लिहीत नाही. तो, भाऊ ज्यांच्याशी लढला, त्यांना घरी जे नाव माहीत होतं तेच घेतो.

तिसरी ओळ मला या गाण्यातली सर्वांत मोठी वाटते. ते अजून तिथेच आहेत आणि भाऊ नाही, एवढंच ती सांगते. हे अक्षरशः खरं आहे. वेढा फुटला, अमेरिकेने लढाई जिंकल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी जुलैपर्यंत तळ उखडून सैन्य तिथून निघून गेलं. ज्या टेकड्यांसाठी माणसं मेली त्या टेकड्या सोडून दिल्या. एवढी राजकीय टीका एका ओळीत, आणि तिला एकही विशेषण लागलेलं नाही.

ओळ 4. ही ओळ नाही. आतापर्यंत प्रत्येक कडवं चार ओळींचं होतं, आपला कान चौथीची वाट पाहतो, आणि त्या जागी फक्त वाद्यं वाजतात. तिसऱ्या कडव्यात इतरांनी वाक्यं अर्धी सोडली होती, इथे निवेदकाचंच बोलणं खुंटतं.

मग दोन ओळी येतात. भावाचं सायगावमधल्या एका बाईवर प्रेम होतं, तिच्या मिठीतला त्याचा फोटो निवेदकाजवळ आहे. दुसऱ्या कडव्यातल्या त्या गलिच्छ शब्दाला हे उत्तर. ज्यांना मारायला पाठवलं त्यांच्यातलीच ती एक. फोटो भावाच्या आईकडे नाही, त्या बाईकडे नाही, याच्याकडे आहे, आणि गाण्यात या माणसाच्या हाती आलेल्या दोनच वस्तू आहेत: रायफल आणि हा फोटो.

कडवं पाचवं. तुरुंगाची सावली आणि रिफायनरीच्या चिमणीवर जळणारा वायू, यांच्यामध्ये निवेदक उभा आहे. गाणं जागेचं नाव घेत नाही, पण न्यू जर्सीत लिंडनच्या तेलशुद्धीकरणाच्या ज्वाळा आणि राहवेचा जुना तुरुंग एकमेकांपासून फार लांब नाहीत. दहा वर्षं रस्त्यावर गेल्याचा हिशेब साधारण जुळतो: शेवटच्या अमेरिकी तुकड्या 1973च्या मार्चमध्ये परतल्या, गाणं 1982 मध्ये रेकॉर्ड झालं. शेवटच्या ओळीत पळायला जागा नसल्याची कबुली आहे.

आणि या कबुलीनंतर, इतका वेळ गप्प असलेलं धृपद परत येतं. त्यात आता शेपूट जोडलेलं आहे, केव्हाच दूर निघून गेलेल्या गड्याचं. हँक विल्यम्सच्या 1948च्या एका गाण्याच्या शीर्षकातून ते आलंय. मूळ गाण्यात बायकोशी भांडून निघालेला नवरा होता, इथे त्याला जायला ठिकाण नाही.

पाठभेद. 1982च्या जानेवारीत स्प्रिंगस्टीनने घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, एकट्याच्या गिटारवर हे गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. ‘नेब्रास्का’ अल्बम त्याच टेपांतून निघाला, हे गाणं मात्र मागे राहिलं आणि 1998च्या ‘ट्रॅक्स’ संचात बाहेर आलं. 1990च्या दशकात एकट्याने केलेल्या दौऱ्यात तो ते पुन्हा असंच, गिटारवर घासून, कण्हल्यासारखं गाऊ लागला. गैरसमजाला जागाच उरली नाही. पुष्कळ जाणकार याला खरा पाठ मानतात. मी मानत नाही. त्या पाठात निवेदक पहिल्या ओळीपासून हरलेला आहे, आपण त्याची कीव करतो आणि सुटतो. बँडच्या पाठात तो कुणाला सुटू देत नाही. धृपद संपल्यावर शब्द संपतात, गायक नुसता ओरडतो, वाद्यं क्षणभर कोसळल्यासारखी होतात, वाइनबर्ग ड्रमवर तुटून पडतो, आणि मग तोच सिंथेसायझरचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.