संगणकाच्या भाषांची शर्यत

गेल्या वर्षी मंडप उभारताना आपल्या मंडळातील दोन तरुणांचा वाद जुंपला. एक कृष्णराजनगरहून रोज म्हैसूरला नोकरीसाठी ये-जा करणारा, दुसरा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पायथॉन म्हणजे ‘सी’पुढे निव्वळ गोगलगाय, असे नोकरीवाल्याचे म्हणणे. तू ‘सी’मध्ये लिहीत बस, तुझा प्रोग्रॅम संपेपर्यंत आमचे विसर्जन होईल, हे दुसऱ्याचे उत्तर. “काका, तुम्हीच सांगा!” म्हणून मला पंच नेमले. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण हा वाद त्यांच्या वडिलांच्याही वयाहून जुना आहे, आणि त्याची हकीकत आपल्या वाचकांना रंजक वाटेल म्हणून हा लेख.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो संस्थेतच घडवला होता. निर्वात नळ्यांवर चालणारे अवाढव्य यंत्र, आणि स्मरणशक्ती अवघ्या २०४८ शब्दांची! आज मोबाईलवर काढलेल्या एका फोटोलाही याच्या कितीतरी पट जागा लागते. त्यावर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे यंत्राला कळणाऱ्या आकडी आज्ञा एकेक करून मांडायच्या. वेग भरपूर, पण माणसाचा जीव मेटाकुटीला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० आला, आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रान.

फोर्ट्रानची कथा मुळातून सांगायला हवी. आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस यांच्या चमूने ही भाषा १९५७ मध्ये बाजारात आणली. गणिती सूत्रासारखे लिहावे आणि कंपायलरने त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करावे, ही कल्पना. जाणकारांचा त्यावर विश्वास नव्हता. कसबी माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांइतका वेगवान प्रोग्रॅम एखादे यंत्र कसा काय तयार करणार? भाषांच्या वेगाची खरी तुलना सुरू झाली ती इथून. बॅकस यांना ठाऊक होते की प्रोग्रॅम हळू चालला तर कोणी ही भाषा हातातही धरणार नाही. म्हणून भाषा सुबक करण्यापेक्षा कंपायलर हुशार करण्यावर त्यांनी सारी शक्ती लावली. शेवटी तो हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या जवळपास जाणारा वेग देऊ लागला, आणि कधीकधी त्याने केलेल्या क्लृप्त्या पाहून त्याचे कर्तेच चकित होत.

मला यातली हिशेबाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. बॅकस यांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्या काळी संगणक केंद्रातील माणसांचा खर्च निदान यंत्राच्या खर्चाइतका होता, आणि यंत्राचाही पाव ते अर्धा वेळ चुका शोधण्यात जाई. म्हणजे तुलना एका घड्याळाने होतच नाही. एक घड्याळ यंत्राचे, दुसरे लिहिणाऱ्याचे.

पुण्यातही हेच निराळ्या रूपात पुढे आले. अमेरिकेने महासंगणक देताना आडकाठी केली, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिप्स अनेक एकत्र जोडल्या होत्या. या चिपसाठी ‘ऑकम’ नावाची खास भाषा तयार होती. पण जगभरच्या शास्त्रज्ञांचे वर्षानुवर्षांचे प्रोग्रॅम फोर्ट्रानमध्ये! ते सारे केवळ वेगासाठी पुन्हा कोण लिहिणार? ऑकम आज इतिहासजमा आहे, फोर्ट्रान अजून टिकून आहे.

आता त्या दोघांच्या वादाकडे वळतो. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात चार्ल्स लायसरसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग दिला. ४०९६ ओळी व तितकेच स्तंभ असलेल्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार. सरळ पद्धतीने लिहिला तेव्हा पायथॉनला सुमारे ७ तास लागले, जावाला ४० मिनिटे, ‘सी’ला ९ मिनिटे. म्हणजे ‘सी’ ४७ पट वेगवान. आपला नोकरीवाला इथे टाळ्या वाजवील! पण पुढे वाचा. त्याच ‘सी’मध्ये काम यंत्राच्या अठराही कोअरमध्ये वाटून दिले, आकडे जवळच्या स्मृतीत राहतील अशी मांडणी केली, प्रोसेसरच्या खास आज्ञा वापरल्या, तेव्हा तोच गुणाकार अर्ध्या सेकंदाच्या आत झाला. भाषा बदलून ४७ पट, आणि यंत्राची रचना समजून घेऊन त्यावर आणखी तेराशे पट!

महाभारत लिहिताना आपली लेखणी मध्येच थांबता कामा नये, अशी अट गणपतीने व्यासांना घातली होती. आजच्या प्रोसेसरची अटही थोडीफार तशीच आहे. आकडे वेळेवर पुढ्यात आले नाहीत तर तो नुसता बसून राहतो, मग भाषा कोणतीही असो.

शिवाय पायथॉनवाले असा गुणाकार स्वतः लिहीतच नाहीत. नमपायसारख्या संचाला सांगतात, आणि त्याच्या पोटात ‘सी’ व फोर्ट्रानमध्ये घडवलेली यंत्रणा काम करते. वरून पायथॉन, आतून बॅकसचा वंश. माझा कौल विचाराल तर गणित, आकडेमोड, हवामान असल्या कामात ‘सी’, फोर्ट्रान. दोन दिवसांत उत्तर हवे असेल आणि प्रोग्रॅम एकदाच चालवायचा असेल तर पायथॉन. दोन्हीत हात बसलेला असेल तर उत्तमच.

यंदा मी त्या दोघांना मंडळाच्या गेल्या दहा वर्षांच्या वर्गणीच्या वह्या दिल्या आहेत. प्रत्येकाने आपापल्या भाषेत हिशेबाचा प्रोग्रॅम लिहायचा आहे. घड्याळ सुरू होईल ते प्रोग्रॅम चालवल्यावर नव्हे, पहिली ओळ लिहायला बसल्यावर. निकाल अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, आरती झाल्यावर मंडपातच.