कुडाची भिंत आणि ताटीचे दार

बागकामावरील विलायती सचित्र पुस्तकांत विलोच्या फांद्या विणून केलेल्या कुंपणाचे चित्र हमखास आढळते. हिरवळीच्या कडेने रोवलेले खुंट, त्यांतून आतबाहेर वळवलेल्या लवचीक काड्या, पलीकडे गुलाबाची झुडपे. हे कुंपण शेजाऱ्याची नजर अडवते, वाऱ्याला मात्र वाट देते. निसर्गाशी सुसंगत, नेत्रसुखद आणि खासगीपणा राखणारे, अशी त्याची ख्याती आहे. असली चित्रे पाहताना आमच्या मनात कौतुकाबरोबर थोडी खंतही उमटते. कारण नांदेड-लातूरकडच्या वाचकाला ही वस्तू अनोळखी नाही. तिला तो कूड म्हणतो, ताटी म्हणतो. आणि ती आपल्या अंगणातून केव्हा नाहीशी झाली, याची त्याने नोंदही ठेवलेली नाही.

खुद्द विलोही आपल्याला परका नव्हे. त्याच्या कुळातला वाळुंज दख्खनच्या ओढ्यानदीकाठी उगवतो. परंतु पाण्याच्या कडेला वाढणारे हे झाड कोरड्या पठाराला कितीसे पुरणार? मराठवाड्याने आपले विणकाम शेताच्या भरवशावर केले. तूर काढून झोडपली की उरणाऱ्या तुराट्या, कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, ज्वारीचा कडबा, ओढ्याकाठच्या निरगुडीचे फोक, बांबूच्या कामट्या आणि हे सारे आवळायला अंबाडीचा दोर, एवढे साहित्य पुरे होई. हाताहाताच्या अंतरावर मेढी रोवायच्या, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या, त्यांत उभ्या तुराट्या दाटून बसवायच्या. भिंत करायची असेल तर दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. नुसता आडोसा हवा असेल तर काड्या उघड्याच ठेवायच्या. शेताच्या बांधावर मात्र विणकामाची चैन नव्हती. तिथे बोराट्या आणि बाभळीचे काटे रचले की काम भागे. या काटेरी वईला ना रूप होते ना आयुष्य, पण ढोरांना तिची भाषा कळत असे.

ही कला किती जुनी? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली. लाकडी खांबांचे खळगे, ठेंगण्या मातीच्या भिंती आणि त्यांवर कुडाचे काम, अशी ती घरे होती. याच युगाची वस्ती मराठवाड्यात पैठण तालुक्यातील आपेगाव येथे १९७६ च्या उत्खननात मिळाली. आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे मूळ गाव, आणि ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीच्या नावावर मराठीत 'ताटीचे अभंग' आहेत. लोकांच्या वागण्याने व्यथित झालेला भाऊ झोपडीचे दार लावून बसतो आणि मुक्ताबाई त्याला ते उघडण्याची विनवणी करते, असा तो प्रसंग सांगितला जातो. त्या दाराला मराठी परंपरेने 'ताटी' म्हटले, कवाड म्हटले नाही, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. काड्यांचे विणलेले दार लाथेसरशी मोडता येते. म्हणूनच ते मोडायचे नसते. आतल्याला उघडायला सांगायचे असते.

कुडाचा खासगीपणा हा असा आहे. तो भिंतीच्या जाडीवर उभा नसून बाहेरच्याच्या संकोचावर उभा आहे. 'कुडाला कान, ठेवी ध्यान' असे म्हणणाऱ्या समाजाला कुडातून सारे ऐकू जाते हे ठाऊक होते. ऐकूनही न ऐकल्यासारखे करण्याची शिस्त त्यातूनच आली असावी. घरामागच्या न्हाणीभोवती तुराट्यांची ताटी असे. स्त्रियांच्या वाट्याला आलेला एकान्त बहुधा तेवढाच. त्या चार हात जागेला आज कोणी 'प्रायव्हसी' म्हणेल. तेव्हा तिला 'आडोसा' म्हणत, आणि दरवर्षी सुगीनंतर तो नव्याने बांधावा लागे.

'दरवर्षी' या शब्दात कुडाची मर्यादाही आली. वाळवी त्याला खाते, पावसाने तो कुजतो, ठिणगीने पेटतो. या मर्यादेचा अनुभव एका साम्राज्यालाही आला होता. एकोणिसाव्या शतकात मिठावरील कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसे तैनात होती. या रेषेच्या बऱ्याच भागात काट्यांचे कुंपण होते. प्रथम ते सुक्या काट्यांचे केले. पण वाळवी, आग आणि वादळे यांपायी दरसाल जवळपास निम्मे कुंपण पुन्हा घालावे लागे. तेव्हा जकात खात्याचे आयुक्त असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी जिवंत झाडांच्या कुंपणावर भर दिला. हेच ह्यूम पुढे १८८५ साली काँग्रेसच्या संस्थापकांत होते. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली आणि कुंपण लोकांच्या स्मरणातून इतके पुसले गेले की, रॉय मॉक्सहॅम यांना त्याचा माग काढून २००१ साली पुस्तक लिहावे लागले. कुंपण शेत खाते म्हणतात. या कुंपणाने गरिबाच्या भाकरीवरचे मीठ खाल्ले. काटा तोच, बोराटीही तीच. ती कोणी, कोणाविरुद्ध रचली एवढाच फरक.

मराठवाड्यातील गावात कुंपणांची उतरंड उघड दिसे. सर्वांत वर पाटील-देशमुखांची पांढऱ्या मातीची गढी, मग दगडी वाडे आणि माळवदाची घरे, आणि गावाच्या कडेला कुडाच्या झोपड्या. बांबू सोलून टोपल्या, सुपे, तट्टे विणणारा बुरूड याच कडेला राही. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात मेदार केतय्या हा बांबूकाम करणारा शरण मान पावला होता. ते कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरच्या सीमेपासून फार दूर नाही. तरीही बुरुडाच्या हाताला पुढील शतकांत तो मान मिळाला नाही. उत्तरेला किनवट-माहूरच्या जंगलात कोलामांची कुडाची घरे होती. चटया-टोपल्या विणण्यात ते निष्णात. किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यातील आदिवासींचा अभ्यास ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात केला. राखीव जंगलांच्या धोरणाने या लोकांना कसे उठवले, हे त्यांच्या लेखनातून दिसते. ज्या बांबूवर कुडाची मदार, तोच सरकारी झाला होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला वृक्षांत गणले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला. एक गवत कायद्याच्या दृष्टीने पुन्हा गवत व्हायला नव्वद वर्षे लागली.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. अधिकृत आकड्यांनुसार सुमारे ८ हजार, अन्य अंदाजांनुसार १० हजारांच्या जवळपास माणसे मरण पावली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने ही तीव्रता मध्यमच. माणसे मेली ती घरांमुळे. दोन-अडीच फुटांपासून पाच-सहा फुटांपर्यंत जाड भिंती. आत-बाहेर दगडांचे दोन पदर, मध्ये माती आणि कपच्यांची भर. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड नाहीत. माथ्यावर फूट-दोन फूट मातीचे माळवद. हादरा बसताच पदर सुटले आणि दगड आत कोसळले. काही ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि त्याच्याभोवतीची भिंत तेवढी ढासळली. हलक्या छपराच्या, मेढींवर तोललेल्या कुडाच्या झोपड्या मात्र बऱ्याच ठिकाणी तगल्या. जी भिंत प्रतिष्ठेची, ती काळ ठरली. जी लाजेची, तिने माणसे राखली. या वाक्यात काव्यात्म न्याय शोधण्याचा मोह टाळलेला बरा. झोपडीत राहणाऱ्याने ती निवडलेली नव्हती, आणि वाड्यात मेलेली लेकरेही कोणाच्या प्रतिष्ठेला जबाबदार नव्हती. परंतु 'पक्के' आणि 'कच्चे' या शब्दांकडे पुन्हा पाहण्यास त्या पहाटेने भाग पाडायला हवे होते.

तसे झाले नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या गावांत सरळ रुंद रस्ते, आखीव भूखंड आणि एकसारखी घरे आली. ही घरे भूकंपात माणसाला मारणार नाहीत, हे त्यांचे यश लहान नव्हे. पण जुन्या गावातील बोळ, वळणे आणि ओटे यांनी आपसूक मिळणारा आडोसा आखणीत हरवला. घर चहूबाजूंनी रस्त्यासमोर उघडे पडले. लोकांनी हळूहळू आपापली आवारे बंदिस्त केली, काहींनी पाडलेल्या घरांचे दगड आणून, काहींनी विटा आणि पत्रे लावून. ज्यांच्या डोक्यात दगडाची धास्ती बसली होती, त्यांनाही कुडाकडे वळावेसे वाटले नाही. कूड म्हणजे गरिबी, हे समीकरण भूकंपाहून पक्के निघाले. शासनाच्याही लेखी ते तसेच आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेली एका खोलीची घरे वंचिततेचे लक्षण म्हणून मोजली गेली, आणि २०१६ नंतरच्या घरकुल योजनेचे लाभार्थी याच मोजणीच्या आधारे निवडले गेले. कुडाला आता एकच उपयोग उरला: तो दाखवून त्यातून सुटका मागायची.

समजा, कोणाला हौसेने कूड घालायचाच असेल, तर काड्या कुठून आणायच्या? मराठवाड्याचे पीकच बदलले. १९९० च्या दशकापासून लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीवर सोयाबीन पसरले. ज्वारी आक्रसली, तिच्यासोबत कडबा गेला. सोयाबीनची बुटकी काडी मळणीयंत्रातून भुसा होऊन बाहेर पडते. तिचे काही विणता येत नाही. तूर आहे, पण तिच्या तुराट्या चुलीत जातात किंवा बांधावर जाळल्या जातात. अंबाडीचा दोर नायलॉनने हटवला. रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी आज बांधावर जुन्या साड्या बांधतो. रंगीबेरंगी साड्यांची ती फडफडती रांग पाहिली की वाटते, कुंपणाची गरज संपलेली नाही. त्याचे साहित्य आणि ते विणणारे हात तेवढे संपले.

कूड परत येतोय तो भलत्या वाटेने. महामार्गावरच्या ढाब्यांना, हुरडा पार्टीच्या मळ्यांना, शहराबाहेरच्या फार्महाउसांना बांबूच्या ताट्या लागू लागल्या आहेत. औसा तालुक्यातील लोदगा येथे बांबू लागवड आणि बांबूच्या वस्तू यांचे काम उभे राहिले आहे. हे स्वागतार्हच. शोभेसाठी का होईना, हात पुन्हा विणू लागले तर विद्या वाचेल. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. श्रीमंताच्या बागेतील ताटी 'नैसर्गिक' म्हणवते आणि गरिबाच्या घराची ताटी 'कच्ची'. दोन्हींत बांबू एकच, वीण एकच, पुष्कळदा विणणाराही एकच असतो. पहिल्या ताटीचे मोल देताना त्याच्या घरची दुसरी ताटी पाहण्याची तयारी असेल, तरच या पुनरागमनाला अर्थ आहे.

आडोसा ही माणसाची मूलभूत गरज आहे. तो किती जाड असावा, याचे उत्तर प्रत्येक काळ आपल्या भीतीप्रमाणे देतो. आमच्या पूर्वजांनी तो काड्यांचा केला, कारण त्यांच्यापाशी काड्याच होत्या. त्यात थोरवी शोधण्याचे कारण नाही. पण त्या काड्यांमागे जी बाई निर्धास्तपणे न्हात होती, तिची निर्धास्ती तुराट्यांच्या दाटीतून आलेली नव्हती. पलीकडून जाणारा माणूस मान वळवून जाई, त्यातून ती आली होती. ती मान वळवण्याची रीत उरली नाही, तर पाच फुटी भिंतही पुरणार नाही.