तोफ ओढणारा मॅटाडोर आणि ओंडके ओढणारा मॅटाडोर

‘मॅटाडोर’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला बजाज टेम्पोची ती बुटकी गाडी आठवते. लग्नाचं वऱ्हाड, गणपतीची मूर्ती, भाजीच्या पाट्या, नाटक कंपनीचे पडदे, काय काय नाही वाहिलं तिने. आज सांगायची गोष्ट मात्र दुसऱ्याच मॅटाडोरची आहे. हा इंग्लंडमधला, चारही चाकांना जोर देणारा लष्करी ट्रक. त्याची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती आमच्या मामामुळे.

मामा लाकडाची लहानसहान कंत्राटं घ्यायचा. कुणाच्या भाटातली दोन आंब्याची झाडं, कुणाच्या बागायतीतला वठलेला फणस, असलं काम. एका वर्षी त्याने नवा ट्रक घ्यायचं मनावर घेतलं. बाबांनी त्याला विचारलं, “अरे, वर्षातले किती दिवस तुझं काम चालतं?” मामा म्हणाला, “भाऊजी, तुम्ही असं धरा, दिवाळीपासून मे संपेपर्यंत.” बाबा म्हणाले, “आणि हप्ते?” मामा हसला. हप्ते बारा महिन्यांचे होते. मृगाचा पाऊस लागला की रानवाटा चिखलाने बंद, ट्रक अंगणात ताडपत्रीखाली, आणि दर महिन्याला कर्ज देणाऱ्यांचं पत्र. तीन पावसाळे त्याने कसेबसे काढले, चौथ्याच्या आधी ट्रक विकला. त्यानंतर त्याने एक जुनापुराणा ट्रक घेतला. तो अर्धा वेळ बिघडलेलाच असायचा, पण मामाला रात्री झोप लागायची.

जुनं यंत्र की नवं, हा प्रश्न जंगलात काम करणाऱ्या लहान माणसाला जगभर पडत आला आहे. पण एका संपूर्ण देशातल्या लाकूडवाल्यांनी तो एकाच वेळी आणि जवळजवळ एकाच पद्धतीने सोडवला, असं उदाहरण मला ब्रिटनचंच ठाऊक आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनने आपली जंगलं शतकानुशतकं कापून संपवली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लागणारं बहुतेक सगळं लाकूड बोटींतून बाहेरून यायचं. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी बोटी बुडवायला सुरुवात केली आणि सरकारचे डोळे उघडले. लाकूड नाही तर कोळशाच्या खाणींत आधाराला टेकू नाहीत, टेकू नाहीत तर कोळसा नाही, आणि कोळसा नाही तर काहीच नाही. म्हणून १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि लागवड सुरू झाली. पण वीस वर्षांत झाड कितीसं वाढणार? दुसरं महायुद्ध आलं तेव्हा पुन्हा तीच ओढाताण. पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून १९४२ साली ‘विमेन्स टिंबर कोअर’ उभी राहिली आणि हजारो मुली कुऱ्हाडी-करवती घेऊन रानात गेल्या. युद्ध संपलं तेव्हा देशात बांधकामाला लाकूड हवं होतं, रानात तोडलेलं लाकूड होतं, आणि ते ओढून आणायला साधन नव्हतं. घोडे होते, जुनी वाफेची इंजिनं होती. नवे ट्रक बनत होते, पण देश कर्जात बुडालेला असल्यामुळे कारखान्यांचा माल आधी निर्यातीला जायचा. गावच्या लाकूडवाल्याने नवा ट्रक मागितला तर त्याचा नंबर कधी लागेल ते देवच जाणे.

याच वेळी सैन्याने आपला भंगारखाना बाजारात काढला.

आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द असायचा. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचे तंबू. तसंच तिकडेही झालं. नॉटिंगहॅमजवळच्या रडिंग्टनसारख्या ठिकाणी लष्करी गाड्यांचे प्रचंड लिलाव भरायचे. या लिलावांत लाकूडवाल्यांची नजर ज्या गाडीवर गेली ती म्हणजे ए.ई.सी. कंपनीचा मॅटाडोर.

ही गाडी बनायची लंडनच्या पश्चिमेला साउथॉलमध्ये. (साउथॉल आज पंजाब्यांचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा मात्र ते बसगाड्यांच्या कारखान्याचं गाव होतं.) लंडनच्या लाल दुमजली बस बनवणारी हीच कंपनी. युद्धाच्या काळात तिने सैन्यासाठी नऊ हजारांहून अधिक मॅटाडोर बनवले. काम एकच, अवजड तोफा ओढणं. ५.५ इंची तोफेचं वजन सुमारे ६ टन. ती चिखलातून, वाळवंटातून, डोंगरावरून न्यायची म्हणजे चारही चाकांना जोर हवा, आणि गाडीच रुतली तर स्वतःला ओढून काढायला विंच हवा. मॅटाडोरच्या पोटाखाली ७ टन ओढणारा विंच होता, त्याला सुमारे ७५ मीटर पोलादी दोर. इंजिन डिझेलचं, ९५ अश्वशक्तीचं.

आता या यादीतून ‘तोफ’ शब्द काढा आणि ‘ओंडका’ शब्द घाला. रानात याहून वेगळं काय लागतं? सत्तर-पंच्याहत्तर मीटर दोर म्हणजे गाडी पक्क्या वाटेवर उभी करून उतारावरचा ओंडका खेचून आणता येतो. लाकूडवाल्यांनी मागचा हौदा कापून टाकला, त्या जागी लोखंडी तुळयांची क्रेन उभी केली, आणि विंच ओढताना गाडीच मागे सरकू नये म्हणून जमिनीत रुतणारा नांगर मागे लावला. बहुतेकांनी हे काम गावच्या लोहाराकडून किंवा स्वतःच वेल्डिंग करून केलं. दोन मॅटाडोर हुबेहूब सारखे सापडणं कठीण, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. मॅटाडोरचं इंजिन लंडनच्या बसगाड्यांतल्या इंजिनाच्या घराण्यातलंच होतं. म्हणजे ते दुरुस्त करता येणारे मेस्त्री देशभर होते. शिवाय एकाच साच्याच्या हजारो गाड्या बाजारात एकदम आल्यामुळे दोन घ्यायच्या, एक चालवायची आणि दुसरीचे भाग काढून पहिलीला घालायचे, हा हिशेब परवडायचा. जुनं यंत्र घेणाऱ्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो. गाडी कशी चालते हे नंतर बघू, आधी सांगा, हिचे भाग कुठे मिळतात आणि ते बसवणारा कोण? जुनं यंत्र स्वस्त असतं ते विकत घेताना. एकुलतं एक, कुणाला माहीत नसलेलं जुनं यंत्र फुकट मिळालं तरी महाग.

नवं घेणारेही होतेच. पेरिव्हेलची युनिपॉवर कंपनी खास लाकडासाठी ट्रॅक्टर बनवायची, फ्रेंच घराण्यातले लॅटिल ट्रॅक्टरही होते. आणि एक गंमत बघा. १९४७ साली चेल्टनहॅमला डग्लस नावाची कंपनी सुरू झाली. ती ‘नवे’ जंगली ट्रॅक्टर बनवायची, पण ते बनायचे मॅटाडोरचे सुटे भाग घेऊन! तेव्हा जुनं काय नि नवं काय, ही रेघ वाटते तितकी स्वच्छ नसते.

ऑस्ट्रेलियातही असाच प्रकार झाला. तिथे कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेवरलेचे लष्करी ट्रक ‘ब्लिट्झ’ या नावाने ओळखले जात आणि ते जंगलात गेले. आपल्या शेजारी कोडगूत आणि केरळातही युद्धकाळातले ट्रक लाकूड ओढत कित्येक दशकं चालले. तिथला चालक गाडीच्या वयाबद्दल बोलताना आजोबांबद्दल बोलल्यासारखा बोलतो.

इथवर वाचून वाटेल की मी जुन्याचीच तळी उचलतो आहे. तसं नाही. याच काळाची दुसरी बाजू फार लोक सांगत नाहीत, कारण जुन्या यंत्रांच्या प्रेमात पडलेल्यांना ती आवडत नाही.

लहान लाकूडवाल्यांकडे मॅटाडोरच्या जोडीला साधे शेतीचे ट्रॅक्टरही असत, मागे विंच लावलेले. उतारावर ओंडका अडकला आणि विंच ओढतच राहिला तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं आणि तो मागे चालकाच्या अंगावर पलटतो. ही गोष्ट क्षणात होते, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारा मजबूत सांगाडा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरांना ही सक्ती १९७० साली झाली, जुन्यांना १९७७ साली. या मधल्या सात वर्षांचा अर्थ नीट समजून घ्या. त्या काळात शेजारी-शेजारी दोन ट्रॅक्टर कायदेशीरपणे काम करत होते, एक उलटला तर चालक वाचण्याची आशा असलेला आणि एक नसलेला. दुसरा स्वस्त होता. तो कुणी घेतला असेल ते सांगायला नको.

यांत्रिक करवतीचंही तेच. १९५९ साली जर्मनीच्या स्टील कंपनीने ‘कॉन्ट्रा’ नावाची करवत काढली. १२ किलो वजन, ६ अश्वशक्ती. त्या काळात ती क्रांतीच होती. पण अशा करवती दिवसभर हातात धरून काम करणाऱ्यांची बोटं काही वर्षांत थंडीत पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली. कंपनाने रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. पुढे हँडलला रबराचे आधार आले, सत्तरच्या दशकात पातं उसळलं तर साखळी थांबवणारा ब्रेक आला. ब्रिटनने या ‘पांढऱ्या बोटां’ना कामातून होणारा आजार म्हणून मान्यता दिली ती १९८५ साली. तोवर जुन्या करवती बाजारात स्वस्तात फिरतच होत्या, आणि ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्याच हातात त्या जात होत्या.

म्हणून मला विचाराल तर ट्रक जुना चालेल, विंच तपासून जुना चालेल, पण जे यंत्र हातात धरायचं किंवा ज्यावर बसून उतारावर जायचं ते नव्या सुरक्षिततेचंच हवं. मॅटाडोर जुना घेणं शहाणपणाचं होतं, कारण रानातल्या कामापेक्षा कठीण कामासाठी तो बनला होता. तरी त्याच्यावरच्या त्या घरगुती क्रेन किती भार पेलतील याचा हिशेब मात्र बहुतेक वेळा अंदाजपंचेच होता.

साठच्या दशकानंतर स्कँडिनेव्हियातून नवी यंत्रं येऊ लागली. हायड्रॉलिक हाताने ओंडका उचलून पाठीवर घेणारी, रानातून चालत येणारी. ए.ई.सी. १९६२ साली लेलँडच्या पोटात गेली, साउथॉलचा कारखाना १९७९ साली बंद झाला. कंपनी संपली तरी तिचे मॅटाडोर जंगलात चालूच होते, सत्तरच्या दशकात आणि काही त्याही नंतर. सुटे भाग दुर्मिळ झाले, तेव्हा उरलेले शौकिनांनी घेतले, रंगवले, आणि आता ते उन्हाळी मेळाव्यांत चकचकीत उभे असतात. काहींना पुन्हा लष्करी हिरवा रंग दिलेला, मागे तोफ. पण काही शौकीन ती घरगुती क्रेन आणि मागचा नांगर तसाच ठेवतात. मला तेच जास्त आवडतात. सैन्यात त्याने सहा-सात वर्षं काढली असतील, रानात तीस.

मामाचा जुना ट्रक शेवटी भंगारात गेला. विंच मात्र त्याने काढून ठेवला होता. विहिरीतला गाळ काढायला वाड्यावरचे लोक तो मागून न्यायचे, आणि मामा प्रत्येकाला बजावायचा, “दोर ताणलेला असताना समोर उभा राहू नकोस रे, बाजूला हो.”